दोन कोश आणि आईचा एकच प्रश्न

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात पुस्तकं होती तीन. एक आरत्यांचं, ज्याची पानं तुपाच्या बोटांनी आरपार दिसायला लागली होती. दुसरं लोणच्या-मुरंब्यांचं, ते आईला लग्नात कोणीतरी दिलेलं आणि तिने एकदाही न उघडलेलं. पुस्तकात बघून लोणचं घालणाऱ्या बाईच्या हातचं खायला तिला भीतीच वाटायची. आणि तिसरं रेल्वेचं टाइमटेबल. ते बाबांचं. बाबा बँकेच्या नोकरीपायी साताऱ्याकडून इकडे आलेले, आणि इतक्या वर्षांनीही मनाने अर्धे तिकडेच. दर रविवारी पोहे-जिलेबी झाली की ते पलंगावर मांडी घालून टाइमटेबल उघडत, गाड्या बदलत बदलत गावी जात आणि जेवणाच्या हाकेला परत येत. असल्या घरात तत्त्वज्ञानाचा कोश शिरेल, आणि शिरून असं काही करून जाईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आई मात्र उज्जैनचीच. तिचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात लिहिणारे म्हणून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. तिची मराठी म्हणजे बाबांच्या कानांना रोजची परीक्षा. "अहो, नळ जाणार आहे, फटाफट आंघोळ करून घ्या." "मला काय पता!" "सब्जीत नमक बरोबर आहे ना?" बाबा कपाळाला हात लावायचे. "नमक नाही गं, मीठ! मीठ!" "बरं, मीठ तर मीठ. कमी आहे का ते सांगा." वरणावर शेव पसरून खायची आमची खोड तर त्यांना शेवटपर्यंत पचली नाही; आई शेवेचा डबा घेऊन आली की बिचारे ताटावर आडवा हात धरून बसायचे. पण एका बाबतीत बाबाही आईपुढे गप्प. कागद वाचणं. आईच्या माहेरी कुठलाही कागद खालून वाचायला घेत. आधी सही कोणाची, मग साक्ष कोणाची, कुठे बसून लिहिलं, आणि एवढं झालं की मग वर जाऊन मजकूर. पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरात गेलेल्या माणसांची सवय ती. आई शिकलेली सातवी, पण लग्नपत्रिका आली तरी आधी तळाची नावं बघे आणि औषधाची बाटली आली तरी आधी तळाचं बारीक अक्षर. "वर काय, वर कोणीही काहीही लिहितं," म्हणे. आम्हाला हसू यायचं.

आता मीनूबद्दल लिहायला हवं. मीनू माझी धाकटी बहीण. मी अकरा वर्षांची असताना ती गेली, तेव्हा ती चार वर्षांची होती. तीन दिवसांचा ताप, बस. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आई भिंतीला डोकं टेकून मोठमोठ्याने रडत होती, आणि बाबांची एक म्हातारी आत्या तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गं बाई. तुझी आसवं पोरीला प्यावी लागतात. तिची वाट अडते." म्हातारी दुष्ट नव्हती हो. तिने स्वतःची तीन माणसं पोचवली होती, आणि तिला तेव्हा जे कोणी सांगितलं तेच तिने पुढे सांगितलं. पण आई त्या क्षणी गप्प झाली. त्यानंतर सात वर्षं माझ्या आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिचे वडील गेले तेव्हाही नाही. घरात मीनूचं नाव निघेनासं झालं, कारण नाव निघालं की रडू येणार. आणि कांदा ती मला चिरायला लावायची. मी कुरकुर करायची, की सगळ्या मैत्रिणींच्या आया स्वतः कांदा चिरतात, तूच काय ती महाराणी. आई नुसती विळी पुढे सरकवायची. ते का, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

कॉलेजात मी दर्शनशास्त्र घेतलं. बाबांनी विचारलं, "पुढे काय, क्षिप्रेच्या घाटावर पंड्यांसारखी छत्री टाकून बसणार का?" आणि सही करून दिली. एका दुपारी मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, आई म्हणाली, "कुमू, तुमच्या त्या दर्शनात हे लिहिलेलं असेल ना?" मी म्हटलं, काय? तर म्हणाली, "आसवं पोचतात का ते." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "पंडितांना विचारलं होतं मी. मंदिरात जाते तेव्हा. दोघे म्हणाले, कुछ नहीं होता, माई. एक म्हणाला, हो, पोचतात. एकाने पूजा सांगितली. आता ह्या गावात पंडितांना काय कमी आहे? जितके विचारू तितकी उत्तरं. तू मला एक भरोशाचं पुस्तक आणून दे. एकच. त्यात जे असेल ते मी मानीन. पोचतात म्हटलं तर पोचतात." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. सात वर्षं ही बाई हा एक प्रश्न पोटात घेऊन स्वयंपाक करत होती, आणि मी त्याच घरात जेवत होते.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पसंतीचं कोणतंही एक पुस्तक मिळणार होतं. मंडळाचे कार्यवाह दादासाहेब, निवृत्त स्टेशनमास्तर, गडगडाटी आवाजाचे. मला म्हणाले, "बोल, कादंबरी हवी का?" मी म्हटलं, तत्त्वज्ञानाचा कोश हवा. "कोश?" ते म्हणाले. "अगं पोरी, लग्नाचं वय तुझं, कोश काय करतेस?" पण माणूस शब्दाचा पक्का. इंदूरच्या दुकानदाराकडून त्यांनी पसंतीसाठी दोन कोश मागवले. एक ठेवायचा, एक परत. दुकानदाराचा माणूस पुढच्या मंगळवारी येणार होता, तेव्हा माझ्या हातात आठ दिवस होते. दोन्ही कोश दादासाहेबांनी तांग्यातून आमच्या दारात आणून सोडले, कारण ते दोन्ही मिळून कुणा एकाला उचलवत नव्हते.

एक निळा, एक लाल. निळा गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचा, हातात घेतला की आपण कोणीतरी झाल्यासारखं वाटावं असा. लाल जाड्याभरड्या कापडाचा, बारीक छपाईचा, त्यात वर आठ पानांचं शुद्धिपत्र चिकटवलेलं. दोन्ही मी पलंगावर मांडले आणि उघडले, आणि त्या दुपारी माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पानापानावर माणसं होती. दोन-अडीच हजार वर्षांपासून एकमेकांशी वाद घालत बसलेली माणसं! 'अ'मध्येच 'अभाव' नावाची एक नोंद होती. जे नाही, ते नाही हे आपल्याला कळतं कसं, यावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं होतं. बाई गं! मला वाटायचं, नाही म्हणजे नाही, त्यात काय आलं. तर त्यांनी 'नाही'चे चार प्रकार केलेले. घडा घडण्याआधी तो नसतो, त्या नसण्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. आणि घडा फुटल्यावर तो नसतो, त्या नसण्याला सुरुवात आहे, शेवट नाही. हे वाचलं आणि मी पुस्तकावर हात ठेवून तशीच बसले. आमच्या घरात सात वर्षं जे होतं, त्याला नाव होतं. कोणीतरी, केव्हाच, आमच्या घरातली ती गोष्ट बघितल्यासारखी लिहून ठेवली होती. खाली गल्लीत केळीवाल्याची हाक चालली होती.

माझी नात आता फोनला प्रश्न विचारते. एका सेकंदात उत्तर येतं, आणि येतं तेही कसं, जराही न चाचरता. मी तिला म्हणते, हे सांगतंय कोण ते विचार. ती म्हणते, आजी, तू फारच शंकेखोर आहेस. आहे खरी. पुढे पस्तीस वर्षं मी हाच विषय शिकवला, आणि दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना कुठला कोश घ्यावा हे सांगताना मला तो पलंग आठवायचा. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला फक्त एक नोंद शोधायची होती.

ती दोन्हीत मिळाली, 'शोक' या शब्दाखाली. निळ्या कोशात लिहिलं होतं की आप्तांच्या शोकाचा मृताच्या गतीवर यत्किंचितही परिणाम होत नाही, असं सर्व शास्त्रं एकमुखाने सांगतात. संपलं. चार ओळी. माझा जीव भांड्यात पडला. हेच तर हवं होतं! मग लाल उघडला. तिथे अडीच पानं. कोण म्हणतं अश्रू बाधतात, कुठे म्हटलंय, कोणत्या प्रसंगी; कोण म्हणतं बाधत नाहीत; कोण म्हणतं जीव असा काही नसतोच; आणि शेवटी, या विषयावर दर्शनांत एकवाक्यता नाही. वाचून मला रडू फुटायचं बाकी राहिलं. आईने मागितलं होतं हो किंवा नाही. हे घेऊन ती काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी मी व्यास सरांना गाठलं. आमचे दर्शनशास्त्राचे सर, वयस्क, खादीचा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हिंदीत बोलत, आणि लाडात आले की माळवीत. "कईं हुयो, बेटा?" मी सगळं सांगितलं, मीनूचंसुद्धा. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "किताब परखनी हो ना, तो उसमें अपना घर मत देखो. पड़ोसी का घर देखो. लेखक का जिससे झगड़ा है, उसकी बात वो कैसे रखता है? पड़ोसी पढ़कर कह दे कि हाँ, यही तो मैं कहता हूँ, तो किताब भरोसे की." जुन्या पंडितांची हीच रीत, ते म्हणाले. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं अशा ताकदीने मांडायचं, की समोरच्याने मान डोलवली पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्याने सभेत तोंड उघडू नये. मी विचारलं, "और सर, माँ को कौन-सी दूँ?" तर सर खिडकीबाहेर बघायला लागले. "वो दर्शनशास्त्र का सवाल नहीं है, बेटा. वो तो थारे घर का सवाल है." मला त्यांचा रागच आला. एवढे शिकलेले, आणि ऐन वेळी हात वर!

तरी मी तसंच केलं. दोन्ही कोश सायकलला बांधले आणि हाताने ढकलत टावर चौकात नेले, कारण त्या वजनाने सायकल चालवणं शक्यच नव्हतं. तिथे आमच्या नेहमीच्या कापडवाल्या शेठजींचं दुकान. शेठजी जैन, रोज सामायिकाला, म्हणजे ठरल्या वेळी ध्यानाला, बसणारे, साधूमहाराज गावात आले की दुकान मुलावर टाकून प्रवचनाला जाणारे. मी म्हटलं, "शेठजी, कपडा नहीं चाहिए. बस, ये पढ़कर बताइए कि आपकी बात ठीक लिखी है या नहीं." त्यांनी गजाची पट्टी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि आधी निळा वाचला. मरणानंतर जीव तेरा दिवस घराभोवती घोटाळतो आणि सर्व भारतीय दर्शनांना हे मान्य आहे, असं तिथे होतं. मराठी त्यांना अडखळत का होईना, समजत होती. "तेरह दिन?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरे, हमारे यहाँ तो जीव तेरह पल नहीं रुकता! इधर छूटा, उधर पहुँचा. किसी के रोके नहीं रुकता. ये किसने लिख दिया हमारे नाम से?" मग लाल. त्यातला जैन मताचा भाग त्यांनी दोनदा वाचला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला हाताने थांबवलं. "रूखी है," ते म्हणाले. "पर बात हमारी है. पूरी है. और देखो, लिखने वाला हमारा नहीं है, फिर भी एक शब्द इधर-उधर नहीं किया."

मग त्यांनी विचारलं, बेटी, हे कशासाठी? मी सांगितलं. शेठजींनी मीनूच्या फ्रॉकचं कापड कापून दिलं होतं एकदा, त्यांना आठवत होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "माताजी से कहना," असं म्हणून ते थांबले, आणि मान हलवली. "नहीं. मैं कहूँगा तो अपने धरम की बात कहूँगा. वो बात मीठी है, तो क्या इसलिए कह दूँ? उनको जो मानना है, वो खुद देखकर मानें." मी चहाचा ग्लास हातात धरून बघत राहिले. त्यांच्या धर्मात माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं, आणि तरी त्यांनी ते पुढे केलं नाही. एवढा मोठेपणा कापडाच्या दुकानात बसलेला असतो, हे मला कोणत्याही कोशात मिळालं नसतं. सायकल ढकलत घरी येईपर्यंत मी एवढं पक्कं ओळखून होते की निळा कोश भरवशाचा नाही. आणि मला द्यायचा होता तो निळाच.

बाबांना मी जिन्यात गाठलं. ते बँकेतून आले होते, बूट काढत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "निळ्यात काय लिहिलंय?" मी सांगितलं. "मग निळा दे." मी म्हटलं, बाबा, ते खरं नाही. सर्व शास्त्रं एकमुखाने वगैरे काही नाही, थाप आहे ती. "असू दे." "पण तिने भरवशाचं मागितलंय." बाबांनी बुटाची नाडी सोडता सोडता हात थांबवला. "कुमे, सात वर्षं मी त्या बाईचं तोंड बघतोय. जेवायला वाढते, हसते, पाहुण्यांशी बोलते, आणि आत नुसता दगड. मला नाही कळत तुमचं खरं आणि खोटं. तिला एकदा रडू दे, बास." त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझे व्यास सर, शेठजी, भरवसा, सगळं त्या जिन्यात विरघळलं. मी म्हटलं, बरं.

रविवारी जेवणं झाली. आईने ओटा पुसला, हात पदराला पुसले आणि खिडकीखाली येऊन बसली. मी निळा कोश तिच्यापुढे ठेवला, पान काढून. लाल मी पलंगाखाली सरकवून ठेवला होता. बाबा पलंगावर, पाठ वळवून. आई वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते. यत्किंचितही परिणाम होत नाही, इथे ती आली, आणि तिचा चेहरा, खरं सांगते, एक क्षणभर सैल झाला. मला वाटलं, झालं. सुटलो. आणि मग तिची नजर खाली गेली, पानाच्या तळाशी. तिथे काही नव्हतं. तिने पान उलटलं. मग पुस्तकाचं पहिलं पान काढलं, मग शेवटचं. मग माझ्याकडे बघितलं.

"सही कुठंय?"

"अगं आई, पुस्तकात सही नसते."

"मग बोलतंय कोण हे?" ती म्हणाली. "सगळी शास्त्रं म्हणजे कोण? नाव नाही, गाव नाही. कुमू, हेच मला दोन पंडितांनी सांगितलं होतं. त्यांना निदान मी समोर बघितलं तरी होतं."

बाबा वळले. "अगं, चांगलं लिहिलंय ना? मग घे की."

"चांगलं आहे म्हणूनच बघतेय," आई म्हणाली. "वाईट असतं तर तसंच घेतलं असतं. त्या आत्याबाईंचं घेतलंच होतं की." मग पुस्तक हलकेच मिटत म्हणाली, "माझ्या पोरीचा कागद आहे हा. बिनसहीचा कसा घेऊ?"

मला स्वतःची इतकी शरम वाटली की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सातवी शिकलेल्या माझ्या आईने, तिला जे हवं होतं नेमकं तेच समोर लिहिलेलं असताना, ते मागे सारलं होतं. पुढे आयुष्यात मी मोठमोठ्या विद्वानांना भेटले, त्यांच्या सभा ऐकल्या. पण स्वतःच्या सुटकेचा कागद हातात आलेला असताना आधी त्याचा तळ तपासणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही.

"दुसरं होतं ना?" आई म्हणाली. "दोन आली होती." मी पलंगाखालून लाल कोश ओढून काढला.

तिथे नोंदीच्या तळाशी नाव होतं, लिहिणाऱ्याचं, पूर्ण नाव. त्याखाली ज्या ग्रंथांतून घेतलं त्यांची यादी. आई बोट ठेवत ठेवत ती यादी आधी वाचत गेली, हा कोण, तो कोण, मला विचारून घेत. मला माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं तिथे नाही म्हटलं. मग ती वर गेली. अडीच पानं. चार वाजेपर्यंत आम्ही दोघी त्या अडीच पानांवर होतो. मध्ये मला ती म्हणाली, "हे आसवांचं. हे कुठलं आहे, परत वाच."

मी वाचलं. स्मृतिग्रंथांत ते येतं, असं तिथे होतं. आणि कुठे येतं, तर मृताला नदीवर पाणी देऊन झालं, की नातेवाइकांना गवतावर बसवून वडीलधारे त्यांची समजूत घालतात, तिथे. त्या समजुतीच्या बोलण्यात. ते झालं की सगळ्यांनी उठायचं आणि लहान मुलांना पुढे घालून घरी जायचं.

"म्हणजे हे निवाड्यातलं नाही," आई सावकाश म्हणाली. "समजूत घालतानाचं आहे."

"हो."

"बसून राहिलेल्यांना उठवून घरी न्यायला."

"हो, आई. काही जण असंच म्हणतात, आणि काही जण म्हणतात, नाही, ते अक्षरशः खरं आहे. दोन्ही लिहिलंय."

"आणि खरं काय?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "कोणालाच ठाऊक नाही. एवढ्या सगळ्यांत कोणालाही नाही."

"आणि तसं लिहून दिलंय? नाव घालून?"

"हो."

आईने तळहात त्या पानावर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं सगळ्यांना पता आहे. सात वर्षं. मला वाटायचं, मी एकटीच अडाणी, बाकी सगळ्यांना पता आहे की माझी पोर तिकडे तहानलेली आहे आणि काय पितेय." आणि ते 'पितेय' अर्ध्यावर तुटलं.

तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. आवाज कुठून येत होता देव जाणे. ती पुढे वाकली, कपाळ त्या लाल कोशावर टेकलं, आणि रडली. मला आधी भीती वाटली, मग भीती गेली आणि नुसतं बघत राहावं असं वाटलं, पुराचं पाणी बघताना वाटतं तसं. बाबा पलंगावरून उतरले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि स्वतःच हुंदका देऊन रडायला लागले. खालून घरमालकीण काकींनी हाक मारली, "क्या हुआ रे? कुमू! भाभी ठीक हैं ना?" मी जिन्यातून ओरडले, "कुछ नहीं काकी, आई रो रही है." मग काकींचा आवाज आला, "रोने दे बेटा. कोई रोकना मत." म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं. सगळे वाट बघत होते.

तो लाल कोश माझ्याकडे अजून आहे. त्या पानाची शाई पाण्याने पसरलेली आहे, आणि पुढे मला जितक्यांदा ती नोंद लागली तितक्यांदा मी ती कॉलेजच्या लायब्ररीतल्या प्रतीत जाऊन वाचली. आसवं पोचतात की नाही, ते मला आजही माहीत नाही. आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. पण न कळणं हे एकटीचं नाही, मोठमोठी माणसंही त्याच अंगणात बसलेली आहेत, एवढ्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य काढलं, आणि चांगलं काढलं.

ऊन उतरल्यावर आईने तोंड धुतलं. डोळे सुजून लाल झाले होते. चहा केला, तिघांचा. आम्ही खिडकीखालीच बसून तो प्यायलो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कप अर्धा झाला तेव्हा आई म्हणाली, "मीनूला वरणातली मोहरी चालायची नाही."

बाबांचा कप हातात थांबला.

"एकेक दाणा बोटाने काढायची," आई म्हणाली, "आणि ताटाच्या कडेला लावून ठेवायची."

"कडेला नाही गं," बाबा म्हणाले. "माझ्या ताटात टाकायची."